गच्चीवर एक अँटेना बसवा: बेळगाव भागातील महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य, भौतिकशास्त्र विभागप्रमुख आणि संस्थाचालक,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी व गोकाक भागातील पदवी आणि अभियांत्रिकी महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे पत्र पुढे वाचायचं की बाजूला ठेवायचं ते ठरवायला सोपं. आपल्या कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून जरा लांब, एक ड्युअल फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे दोन फ्रीक्वेन्सींवर ऐकणारा, जीएनएसएस रिसीव्हर (उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा काढणारं यंत्र) कायमचा बसवा. अमेरिकेचं जीपीएस, युरोपचं गॅलिलिओ, आपलं नाविक आणि गगन, जे उपग्रह दिसतील त्यांचे सिग्नल दिवसरात्र नोंदवा. आणि ती नोंद कुणालाही उतरवून घेता येईल अशी खुली ठेवा. पैसे कुठून आणायचे, बघणार कोण, उपयोग काय, हे प्रश्न येणारच. त्यांच्याकडे येतो.

मी खानापूर तालुक्यातला परवानाधारक सर्व्हेअर. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं, पण शेताच्या बांधावर ते कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या आधीच्या पिढीने ३३ फुटांची साखळी ओढली, आम्ही टेप आणि टोटल स्टेशन वापरलं, आणि आता हातात रोव्हर, म्हणजे काठीवरचा फिरता उपग्रह-रिसीव्हर, आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स केंद्रांवरून, म्हणजे एका जागी कायम बसवलेल्या संदर्भ रिसीव्हरांवरून, मोबाइलच्या नेटवर दुरुस्ती येते, कंट्रोलरच्या पडद्यावर ‘फिक्स’ उमटतं आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या आत दगडाची जागा मिळते. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोनने मोजली जात आहेत, त्यांचाही आधार हेच उपग्रह. थोडक्यात, आमच्याकडच्या भावाभावांच्या वाटण्या आता वीस हजार किलोमीटरवरून येणाऱ्या सिग्नलवर ठरतात. तो सिग्नल वाटेत ज्या थरातून येतो, त्याची आपल्या भागात कुणी नियमित खुली नोंद ठेवत असेल तर माझ्या बघण्यात नाही. माझं दुखणं तेवढंच आहे.

तो थर म्हणजे आयनांबर. आपण सगळे फिजिक्सवाले, तेव्हा फार खोलात जात नाही. साधारण ६० किलोमीटरपासून वर हजार किलोमीटरपर्यंत, सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. खालचा डी थर, मधला ई, वरचा एफ. इलेक्ट्रॉनांची सर्वांत जास्त दाटी तीनशे किलोमीटरच्या आसपास. डी थर सूर्य मावळला की विरतो, म्हणून दिवसा फक्त जवळपास ऐकू येणारं मध्यमलहरी केंद्र रात्री कुठल्या कुठे पोचतं. सांगली आकाशवाणी लावता लावता रात्री मध्येच भलतंच परक्या भाषेतलं स्टेशन घुसायचं, हे सीमाभागातल्या पन्नाशीपुढच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

उपग्रहाच्या सिग्नलला आयनांबर परत पाठवू शकत नाही, पण उशीर करतं. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज जितकी जास्त तितका उशीर जास्त, आणि फ्रीक्वेन्सी वाढली की तो वर्गाच्या प्रमाणात घटतो. ही बेरीज मोजायचं एकक म्हणजे एका चौरस मीटरच्या उभ्या खांबात १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन. अशा एका एककामागे जीपीएसच्या मुख्य फ्रीक्वेन्सीवर १६ सेंटिमीटरची चूक येते. सूर्य जोरात असलेल्या वर्षी, मार्च किंवा ऑक्टोबरच्या दुपारी, आपल्या अक्षांशांवर ही बेरीज शंभरावर जाऊ शकते. म्हणजे उपग्रहापर्यंतच्या अंतरात १६ मीटरचा फरक. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर. बाकी हिशेब आपण कराल.

ही चूक काढायला मॉडेल लागतं. सगळ्यांत साधं मॉडेल आपल्या खिशातल्या फोनमध्येच आहे. जॉन क्लोबुचर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ते बांधलं. जीपीएसचे उपग्रह त्याचे फक्त ८ आकडे खाली पाठवतात. दुपारी दोनच्या सुमाराला शिखर, रात्रभर ५ नॅनोसेकंदांचा ठरावीक उशीर, आणि सगळं आयनांबर ३५० किलोमीटरवरच्या एका पातळ कवचात दाबलेलं. एवढ्या काटकसरीत ते साधारण निम्मी चूक काढतं. त्या काळच्या रिसीव्हरची ताकद लक्षात घेतली तर मला ते अफलातून वाटतं. गॅलिलिओसाठी नेक्विक नावाचं मॉडेल आहे. संशोधकांसाठी आयआरआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय संदर्भ आयनांबर, हे जगभरच्या जुन्या मोजमापांवर उभं केलेलं आहे आणि अजून सुधारलं जातं. ते महिन्याची सरासरी स्थिती देतं, आणि चांगली देतं. पण वर्षाच्या सरासरी पावसाचा आकडा बघून आज छत्री घ्यायची की नाही ते ठरत नाही. ज्या संध्याकाळी मी शेतात उभा असतो ती संध्याकाळ सरासरी नसते. तिसरी जात भौतिक समीकरणं सोडवणाऱ्या मॉडेलांची: वारे, विद्युतक्षेत्र, चुंबकक्षेत्र, कणांची घडण आणि मोड, सगळं पायरीपायरीने. ही मॉडेलं ताकदवान आहेत, पण त्यांनाही वेळोवेळी खरं मोजमाप भरवावं लागतं. नाहीतर ती स्वतःच्याच वाटेने निघून जातात.

आता आपल्या डोक्यावर काय चालतं ते बघा. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुअनंतपुरम-तिरुनेलवेलीच्या पट्ट्यातून जातं. तिरुअनंतपुरमजवळच्या थुंबाला २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं रॉकेट उडालं, त्या जागेची निवड याच कारणाने झाली. तिथे चुंबकक्षेत्र जमिनीला समांतर असतं आणि दिवसा विद्युतक्षेत्र पूर्वेकडे. या दोघांच्या जोरावर आयनांबर वर उचललं जातं आणि मग चुंबकरेषांवरून घसरत उत्तरेला-दक्षिणेला उतरतं. त्यामुळे विषुववृत्तावर दाटी कमी आणि दोन्ही बाजूंना साधारण १५ चुंबकीय अंशांवर दोन डोंगर उभे राहतात. उत्तरेकडचा डोंगर गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात. बेळगाव या डोंगराच्या चढावर बसलेलं आहे. तळाला नाही, माथ्यावरही नाही. आणि चढावर मॉडेलची परीक्षा सगळ्यांत कठीण, कारण डोंगर जरा इकडे-तिकडे सरकला तरी आपला आकडा लगेच बदलतो.

सूर्य मावळला की दुसरं नाटक सुरू होतं. विषुववृत्तावर आयनांबर मावळतीनंतर थोडा वेळ आणखी वर उसळतं, खालचा भाग झपाट्याने विरतो, आणि जड थर वर, हलका खाली अशी अस्थिर मांडणी तयार होते. मग खालून कमी दाटीचे बुडबुडे वर शिरतात आणि चुंबकरेषांच्या कडेने उत्तरेला पसरतात. भारतात ते मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा आकाशकॅमेरा आहे. अंधाऱ्या, निरभ्र रात्री तो सुमारे २५० किलोमीटरवरून येणारा ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड टिपतो आणि त्यात हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे सरकताना दिसतात. तिथेच एक रडार ८० ते १०० किलोमीटरच्या आसपासचे वारे मोजतो. कोल्हापूर आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. कागलला आपले निम्मे पाहुणे राहतात, पण त्या कॅमेऱ्याचं नाव आपल्या कॉलेजांतल्या किती मुलांनी ऐकलं असेल? पौर्णिमेच्या आसपास तो आंधळा होतो, पावसाळ्यात बंद. उपग्रहाच्या सिग्नलला मात्र चंद्र लागत नाही, ढगही आडवे येत नाहीत.

बुडबुडा आडवा आला की काय होतं, ते जांबोटी भागात दोन भावांच्या वाटणीच्या एका मोजणीत अनुभवलं. ऑक्टोबर होता. थोरला भाऊ बेंगळूरहून पोचेपर्यंत दिवस कलला, आणि दोनच दगड राहिले असताना अंधार पडला. मोबाइलच्या उजेडात काम चालू ठेवलं. सव्वासातपर्यंत फिक्स होतं. मग फ्लोट, म्हणजे जागा नुसती अंदाजे. दोन सेंटिमीटरचे साठ झाले, परत दहा, परत सत्तर. आकाश स्वच्छ, आजूबाजूला झाड नाही, रेंज पूर्ण, उपग्रह वीसच्या वर. पण सिग्नलची ताकद दाखवणारे पट्टे वरखाली नाचत होते, तेही दक्षिणेकडच्या उपग्रहांचेच जास्त.

“काय वो, ढग तर एक नाही की. मग कशाला अडलंय?” धाकट्याने विचारलं.

शेजारच्या बांधाचे मामा काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, “मशीन कुणाकडनं बोलायलंय ते बघा आधी.”

सगळे हसले, पण थोरला हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तेच दोन दगड अर्ध्या तासात झाले. प्रश्न दगडांचा नव्हता. आदल्या रात्री मशीन का अडलं याचा पुरावा माझ्याकडे काय? मी आयनांबर म्हणालो तर थोरल्याने ते खरं का मानावं? आमच्याकडे उताऱ्यावरचा आकडा आणि नकाशा कन्नडमध्ये निघतो, भांडण मराठीत होतं, आणि मध्ये उभ्या असलेल्या सर्व्हेअरवर दोन्हीकडून संशय असतो. त्यात आभाळाची साक्ष काढायची तर आभाळाची नोंद तरी हवी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिक्स गेलं की आयनांबर, असं नसतं. खानापूरच्या जंगलपट्टीत दहापैकी बरेचदा कारण झाड किंवा मेलेली रेंज असते. काजूच्या झाडाखाली उभं राहून सूर्याला शिव्या देणारे सर्व्हेअर मी बघितलेत. म्हणूनच तर वेगळं, एका जागी पक्कं बसवलेलं, झाडाशी आणि मोबाइल नेटशी संबंध नसलेलं मोजमाप लागतं. त्याच मिनिटाला कॉलेजच्या गच्चीवरचा रिसीव्हरही गडबडला असेल तर कारण वर आहे. नसेल तर माझ्या काठीजवळ आहे.

कुणी म्हणेल, आयनांबराचे जगभरचे नकाशे इंटरनेटवर रोज मिळतात, गगन आहे, मग आपली गच्ची कशाला? नकाशे मिळतात हे खरं. पण जागतिक जाळ्यातली आपल्याला जवळची खुली केंद्रं म्हणजे बेंगळूर आणि हैदराबाद, दोन्ही शेकडो किलोमीटर लांब. मधला भाग गणिताने भरून काढलेला असतो. गगन ही एअरपोर्ट अथॉरिटी आणि इस्रोची विमानांसाठीची व्यवस्था, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण तिची जाळी बघा: ३५० किलोमीटरवरच्या कवचावर दर ५ अंशांना एक बिंदू, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरला एक. बेळगाव १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व. आपण ज्या चौकोनात येतो त्याचा एक कोपरा मुंडगोडच्या डोक्यावर, दुसरा वेरूळच्या थोडा पश्चिमेला, आणि उरलेले दोन चक्क अरबी समुद्रावर. विमानाला सुरक्षित मर्यादा कळावी एवढ्यासाठी ही जाळी आहे आणि ती ते काम करते. शंभरेक किलोमीटर रुंदीचा बुडबुडा तिच्यात नीट सापडावा ही अपेक्षाच चुकीची.

आपल्याला मात्र तो सापडू शकतो, आणि इथे मला आपला भूगोल फार सोयीचा वाटतो. हे बुडबुडे रात्री पूर्वेकडे सरकतात, सुरुवातीला सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास. सावंतवाडी आणि बेळगाव जवळजवळ एकाच अक्षांशावर, मध्ये सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. म्हणजे सावंतवाडीवर आलेली बुडबुड्याची कड बारा-तेरा मिनिटांत बेळगाववर, आणि आणखी पाच-सात मिनिटांत गोकाकवर पोचायला हवी. तिन्ही गावांत एकेक रिसीव्हर असला तर बी.एस्सी.चा मुलगा वही-पेन्सिलीने तिचा वेग काढेल. निपाणी, बेळगाव, खानापूर ही दुसरी रेघ, उत्तर-दक्षिण. तिच्यावरून डोंगराचा चढ दिसेल. एसटीने आंबोली घाट चढण्यापेक्षा हे सोपं. (सावंतवाडीच्या कॉलेजला पत्र वेगळं लिहितोय. तिकडे राज्य बदलतं, लेटरहेड बदलावं लागेल.)

आता पैशाचं. ड्युअल फ्रीक्वेन्सीचा बोर्ड आणि बरी अँटेना आता लाखांत नाही, हजारांत येते. जोडीला एक छोटा संगणक, यूपीएस, हार्ड डिस्क. वर्षाची सगळी नोंद साध्या हार्ड डिस्कवर मावते. दिवसभर ३० सेकंदांना एक नोंद आणि संध्याकाळी सहा ते मध्यरात्र दर सेकंदाला एक, एवढं पुष्कळ. फाइल राइनेक्स या सर्वमान्य स्वरूपात ठेवा, म्हणजे जगातला कुणीही वाचू शकतो. दोन फ्रीक्वेन्सींच्या उशिरातल्या फरकावरून इलेक्ट्रॉनांची बेरीज निघते. त्यात रिसीव्हरची आणि उपग्रहाची स्वतःची चूक मिसळलेली असते, ती वजा करायला शिकणं हाच एका सेमिस्टरचा चांगला प्रकल्प आहे. दर वर्षी अंतिम वर्षाची मुलं रेघेवरून चालणारा तोच रोबो आणि आपोआप उघडणारं तेच गेट करतात. ते करू नयेत असं नाही, पण त्या गेटचा निकाल मागच्या बॅचलाच लागलेला असतो. आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली की संशोधनाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून जी धावपळ होते, ती मी माजी विद्यार्थी म्हणून जवळून बघितलीय. या नोंदीने तो रकाना भरेल, शिवाय खरा भरेल.

बघणार कोण, हा त्यापेक्षा अवघड प्रश्न. असली यंत्रं उत्साही सरांच्या बदलीबरोबर बंद पडतात. म्हणून ती एका माणसाच्या नावावर न ठेवता विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरला आणि लॅब असिस्टंटच्या रोजच्या कामात घाला. रोज सकाळी दिवा हिरवा आहे का बघणं आणि आठवड्याने फाइल उतरवणं, काम एवढंच.

नोंदीचा उपयोग काय, याला माझ्याकडे कुलाब्याचं उत्तर आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकक्षेत्राची नोंद होत होती. सप्टेंबर १८५९ मध्ये ज्ञात इतिहासातलं सर्वांत गाजलेलं सौरवादळ आलं, ते तिथे कागदावर उतरलं. नोंद करणाऱ्याला उपग्रह ठाऊक नव्हते, वीजवाहिन्यांची जाळी ठाऊक नव्हती. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाचा जोर काढला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ ते १९०६ दरम्यान चुंबकीय नोंदीचं काम अलिबागला हलवलं, कारण ट्रामच्या प्रवाहाने नोंद बिघडली असती. शहराच्या सोयीसाठी नोंद मोडली नाही, नोंदीसाठी वेधशाळा हलवली. १० मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत मक्याच्या पेरणीच्या ऐन हंगामात उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर अडले, लडाखमध्ये हानळेला लाल ध्रुवप्रकाश दिसला. त्या रात्री बेळगाववर काय झालं? ते सांगणारा एकही खुला आकडा माझ्या बघण्यात नाही.

घाई का, तेही सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी सूर्य त्याच्या ११ वर्षांच्या फेऱ्याच्या शिखरकाळात पोचल्याचं जाहीर केलं. इथून पुढे उतार. आत्ता नोंद सुरू झाली तर उतार, तळ आणि पुन्हा चढ असा पूर्ण फेरा हाताला लागेल. कुठल्या संध्याकाळी बुडबुडा येणार आणि कुठल्या नाही, हे आजही दिवस बुडण्याआधी ठामपणे सांगता येत नाही. वळवाच्या ढगांमधून वर जाणाऱ्या लहरी त्याचं बी पेरत असाव्यात असा एक अंदाज आहे. एप्रिल-मेमध्ये वळीव बघायला आपल्याला कुठे जावं लागतं? पुढच्या कुठल्याही मॉडेलला असल्या प्रश्नांवर तासून बघायचं तर याच पट्ट्यातले आकडे लागणार.

माझ्याकडून काय, तर जागा निवडायला मी येतो. क्षितिजापासून दहा अंशांच्या वर मोकळं आकाश हवं, शेजारी पत्र्याची शेड नको, मोबाइल टॉवर नको. खांब काँक्रीटमध्ये, आभाळातल्या विजेसाठी वीजरोधक वेगळा, आणि खानापूरच्या बाजूला असाल तर केबल लोखंडी पाइपातून, कारण माकडं आधी केबलच ओढतात. खांब ओळंब्यात उभा करणं आणि त्याची जागा नीट बांधून देणं हे मी आणि माझे सहकारी पैसे न घेता करू. स्लॅबला भोक पाडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, तेव्हा ते पावसाळ्याच्या आत व्हायला हवं. गव्हर्निंग कौन्सिलची बैठक मेमध्ये असेल तर विषयपत्रिकेत हा विषय एप्रिलमध्येच जाऊ द्या.

आपला,
एक परवानाधारक सर्व्हेअर
खानापूर तालुका, जि. बेळगाव